ॲपॉप्टिनच्या प्रयोगासाठी ॲनेक्सिन-व्ही किट: उत्तम, पण रंग बघून घ्या

ॲपॉप्टिन हे कोंबड्यांच्या ॲनिमिया विषाणूचं जेमतेम 121 अमिनो आम्लांचं प्रथिन. कर्करोगाच्या पेशीत ते केंद्रकात शिरतं आणि पी-53 (बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं प्रथिन) निकामी असलं तरी पेशीला ॲपॉप्टोसिसकडे, म्हणजे ठरवून होणाऱ्या पेशीमृत्यूकडे, ढकलतं. निरोगी पेशीत ते बहुतांशी केंद्रकाबाहेरच राहतं. पेशी किती आणि कशा मरतायत हे मोजायला ॲनेक्सिन-व्ही (चमकणारा रंग जोडलेलं प्रथिन) आणि पीआय (प्रोपिडियम आयोडाइड, डीएनएला चिकटणारा लाल रंग) यांचं तयार किट सोयीचं पडतं. एरवी पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरिन हे मेद मरणाऱ्या पेशीत पटलाच्या बाहेरच्या बाजूला आलं की ॲनेक्सिन त्याला चिकटतं. पीआय मात्र पटल फाटल्यावरच आत जातं.

पद्धत सरळ आहे. पेशी थंड पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने) दोनदा धुवा, बाइंडिंग बफरमध्ये मिलिलिटरला 10 लाख पेशी ठेवा, त्यातले 100 मायक्रोलिटर घ्या, दोन्ही रंग 5-5 मायक्रोलिटर घाला, 15 मिनिटं अंधारात ठेवा, 400 मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) चालवा. अर्ध्या दिवसात उत्तर हातात येतं, हा या किटचा मोठा गुण.

खरेदीतच होणारी चूक म्हणजे जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेल्या ॲपॉप्टिनसाठी एफआयटीसी या हिरव्या रंगाचं ॲनेक्सिन किट मागवणं. दोन्ही 488 नॅनोमीटरला पेटतात आणि एकाच हिरव्या चॅनलमध्ये दिसतात. कॉम्पेन्सेशनने (एका रंगाची दुसऱ्यात सांडलेली चमक गणिताने वजा करण्याने) हे सुटत नाही. अशा वेळी लाल लेझरवर चालणाऱ्या एपीसी या रंगाचं किटच घ्या.

दुसरी गडबड पेशी भांड्यापासून सोडवताना वापरलेल्या ट्रिप्सिनबरोबरच्या ईडीटीएमुळे होते. ॲनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं (बफरमध्ये साधारण 2.5 मिलिमोलर असतं), आणि ईडीटीए तेच पळवतं. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर चांगल्या पेशींचीही पटलं फाटतात. त्यापेक्षा ॲक्युटेज हे सौम्य विकरमिश्रण बरं. माध्यमात तरंगणाऱ्या पेशी ओतून टाकू नका, मरणाऱ्या पेशी त्यांच्यातच जास्त असतात! फिक्सेशन (पेशी रसायनाने गोठवून टिकवणं) रंगवण्याआधी कधीच नको.

किटचं म्हणणं कुठवर मानायचं? दोन्ही रंग घेतलेली पेशी उशिराच्या ॲपॉप्टोसिसमधली की नेक्रोसिसमधली (इजेने फुटून मेलेली), हे ते सांगू शकत नाही. म्हणून 24, 48 आणि 72 तासांचे नमुने घ्या. ॲपॉप्टोसिस घडवणाऱ्या कॅस्पेज विकरांचा सहभाग तर यात दिसतच नाही, आणि तो गृहीतही धरता येत नाही. उदाहरणार्थ, ॲडिनोव्हायरसचं ई4-ओआरएफ4 हे प्रथिन काही पेशींना कॅस्पेजविना मारतं. तेव्हा झेड-व्हॅड (कॅस्पेज रोखणारं रसायन) घातलेला एक नमुना आणि कॅस्पेज-3चा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखण्याची चाचणी) जोडीला हवाच. ट्रान्सफेक्शनचं (पेशीत बाहेरचं जनुक घालण्याचं) रसायनही पेशी मारतं, त्यामुळे नुसत्या जीएफपीचा वेक्टर (जनुक वाहून नेणारा डीएनए) दिलेला कंट्रोल टाळता येत नाही.

'निरोगी पेशी वाचल्या' असं लिहिण्याआधी गेट (मोजणीत धरलेल्या पेशींची निवड) तपासा. प्राथमिक फायब्रोब्लास्टमध्ये ट्रान्सफेक्शन कमी होतं, आणि सगळ्या पेशी धरून टक्केवारी काढली तर मृत्यू आपोआप कमी दिसतो. कर्करोगाच्या आणि निरोगी अशा दोन्ही नमुन्यांत जीएफपीची चमक सारखी असलेल्या पेशीच गेटमध्ये घ्या आणि ॲनेक्सिनचं प्रमाण त्यांच्यातलंच मोजा.