क्रमांक खरा, कार्ड बनावट: इचिरोच्या कार्डाच्या खरेदीत झालेली फसवणूक

बेसबॉल खेळाडूंची छायाचित्रे असलेल्या, संग्रहासाठी छापलेल्या कार्डांच्या बाजारात सध्या एका ठरावीक पद्धतीने लोकांना गंडा घातला जात आहे. सीलबंद पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात, दर्जाचे लेबल आणि प्रमाणपत्र क्रमांक यांसह येणारे कार्ड डोळे मिटून घ्यावे, असा सर्वसाधारण समज आहे. माझी फसवणूक नेमकी त्या आवरणाच्या आणि त्या क्रमांकाच्या आधारे झाली. अमेरिकेतील मराठी कुटुंबांमधली बरीच मुले आता लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत, खेळतात, कार्डे जमवतात आणि महागड्या कार्डांसाठी आईवडिलांकडे हट्ट धरतात. पालकांना मात्र या बाजाराची फारशी माहिती नसते. त्यांच्यापर्यंत ही हकीकत पोहोचावी म्हणून ती तपशिलात लिहीत आहे.

मी कार्डे जमवते ती एकाच खेळाडूची, इचिरो सुझुकीची. २००१ मध्ये नोकरीच्या निमित्ताने मी पुण्याहून सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूला आले आणि त्याच वर्षी तो जपानमधून सिअ‍ॅटल मरिनर्स संघात दाखल झाला. चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावणाऱ्या धिप्पाड फलंदाजांचा तो काळ होता. अशा काळात हा सडपातळ, डावखुरा फलंदाज चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून अचूक काढत असे आणि बॅट खाली पडते न पडते तोच पहिल्या बेसकडे धावत सुटत असे. क्रिकेट पाहत लहानाच्या मोठ्या झालेल्या मला त्याचा खेळ पहिल्याच दिवसापासून आपला वाटला. त्या पहिल्या हंगामात त्याने २४२ हिट (सुरक्षितपणे बेस गाठून देणारे फटके) मारले, ५६ बेस चोरले (म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस गाठला) आणि सर्वोत्तम नवोदित व सर्वाधिक मौल्यवान खेळाडू हे दोन्ही सन्मान एकाच वर्षी मिळवले. त्याच्याआधी १९७५ मध्ये फक्त फ्रेड लिनला हे साधले होते. संघानेही त्या वर्षी ११६ सामने जिंकले. पुढे २००४ मध्ये त्याने एका हंगामात २६२ हिट मारून जॉर्ज सिसलरचा १९२० पासून अबाधित असलेला २५७ हिटचा विक्रम मोडला. अशा खेळाडूचा ध्यास घेऊन त्याची कार्डे जमवण्यात मला आजही तितकाच आनंद वाटतो आणि घडल्या प्रकाराने तो कमी झालेला नाही.

त्याची २००१ ची अमेरिकन कार्डे, उदाहरणार्थ टॉप्स या कंपनीचे ७२६ क्रमांकाचे कार्ड, अजूनही सहज मिळतात. मला हवे होते ते जपानमधले कार्ड. बीबीएम या जपानी प्रकाशनाच्या १९९३ च्या संचात २३९ क्रमांकाचे कार्ड त्याचे आहे. तेव्हा तो ओरिक्स ब्लूवेव्ह संघातला एक अपरिचित तरुण होता. १९९४ मध्ये त्याची नोंदणी केवळ ‘इचिरो’ या नावाने झाली, त्या हंगामात त्याने २१० हिट मारले आणि तो जपानभर घराघरांत पोहोचला. १९९३ चे कार्ड या सगळ्याच्या आधीचे असल्याने त्याच्या संग्राहकांना ते विशेष प्रिय आहे, आणि उत्तम स्थितीतल्या प्रतीला किंमतही तशीच पडते.

ज्याने मला हे कार्ड विकले त्या विक्रेत्याची ओळख एका कार्ड शोमध्ये, म्हणजे कार्डांच्या विक्री-प्रदर्शनात, झाली. तक्रार अद्याप तपासाधीन असल्यामुळे त्याचे नाव, गाव इथे देत नाही. माणूस मृदुभाषी होता, इचिरोच्या कारकिर्दीविषयी भरभरून बोलायचा आणि आकडे त्याला मुखोद्गत होते. सुरुवातीला त्याच्याकडून मी दहा-वीस डॉलरची साधी कार्डे घेतली. ती सर्व अस्सल होती, वेळेवर आली, नीट बांधलेली होती आणि एकदा तर त्याने एक कार्ड वर भेट म्हणून घातले होते. एकाच खेळाडूचे संग्राहक करतात त्याप्रमाणे माझ्याकडे नसलेल्या कार्डांची यादी मी त्याला दिली होती. या यादीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. सर्व प्रकारची कार्डे घेणाऱ्या माणसाला नेमके कशाने भुलवायचे हे ठगाला ताडावे लागते; एका खेळाडूमागे लागलेल्या संग्राहकाच्या बाबतीत मात्र ते त्याला लेखी मिळते. कोणते कार्ड, कोणत्या दर्जाचे, किती दिवसांपासून हवे आहे आणि त्यासाठी किती मोजायची तयारी आहे, हे सारे माझ्या यादीवरून आणि बोलण्यावरून त्याला पुरते कळले होते.

२१ जानेवारी २०२५ रोजी हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-निवडीचा, निकाल लागला. ३९४ पैकी ३९३ मते मिळवून इचिरो निवडून आला. हा मान मिळवणारा, जपानमध्ये जन्मलेला तो पहिलाच खेळाडू. त्याच्या कार्डांना मागणी वाढली, भाव चढू लागले आणि त्याच सुमारास या गृहस्थाचा निरोप आला. १९९३ चे बीबीएम कार्ड, सर्वोच्च म्हणजे दहाचा दर्जा मिळालेले, त्याच्या हाती आले होते आणि इतर कोणाला दाखवण्याआधी तो ते मला विचारत होता. किंमत हजार डॉलरच्या वर असली तरी चालू भावापेक्षा थोडी कमी होती. भाव फारच पाडला असता तर संशय आला असता. एवढी थोडी सवलत जुन्या ओळखीतली म्हणून सहज खपून जाते.

या क्षेत्राशी अपरिचित वाचकांसाठी ग्रेडिंगविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पीएसए, बेकेट, एसजीसी यांसारख्या कंपन्यांकडे कार्ड पाठवले की तज्ज्ञ त्याचा अस्सलपणा तपासतात, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचे मध्यस्थान पाहून साधारणपणे एक ते दहा असा दर्जा देतात आणि कार्ड कठीण प्लास्टिकच्या आवरणात सीलबंद करतात. या आवरणाला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की त्या क्रमांकाच्या कार्डाची नोंद दिसते. मला आलेल्या छायाचित्रातील क्रमांक मी तिथे तपासला. वर्ष, संच, कार्ड क्रमांक, खेळाडूचे नाव, दर्जा, सर्व काही तंतोतंत जुळले.

पैसे देताना त्याने रकमेचे दोन भाग पाडायला सांगितले. एक भाग खरेदीला संरक्षण असलेल्या, म्हणजे फसवणूक झाल्यास रक्कम परत मागता येते अशा, मार्गाने आणि उरलेला थेट बँक खात्यात. खरेदीच्या मार्गावर विक्रेत्याला शुल्क पडते, ते अर्धे वाचेल, हे त्याचे कारण या बाजारात नित्याचेच आहे. अनेक प्रामाणिक विक्रेतेही तशी विनंती करतात, आणि म्हणूनच ठगाला ती सोयीची पडते.

कार्ड ठरल्या वेळी आले. प्रथमदर्शनी काहीच खटकण्यासारखे नव्हते. त्याच कंपनीचा दुसरा, निःसंशय अस्सल स्लॅब त्याच्या शेजारी ठेवला तेव्हा फरक दिसू लागले. प्लास्टिकच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा अस्सल आवरणात चारही बाजूंनी एकसारखा होता. नव्यात तो एका कोपऱ्याजवळ रुंद आणि ढगाळ झालेला होता. लेबलावरची अक्षरे किंचित जाड होती आणि होलोग्राम उजेडात तिरपा केला तरी त्यातली आकृती बदलत नव्हती. कार्डाचा पृष्ठभागही वाजवीपेक्षा जास्त चकचकीत दिसत होता.

माझ्याकडे १९९३ च्याच बीबीएम संचातले दुसऱ्या एका खेळाडूचे स्वस्त कार्ड होते. त्याच्याशी तुलना करण्यासाठी मी दागिने पारखण्याचे दहापट भिंग घेतले. मूळ छपाईत चित्राचा भाग रंगीत ठिपक्यांनी बनलेला असतो, परंतु काळी अक्षरे स्वतंत्र काळ्या शाईने छापलेली असल्याने त्यांच्या कडा भिंगाखाली स्वच्छ आणि सलग दिसतात. त्या स्वस्त कार्डावरची बारीक जपानी अक्षरे तशीच होती. स्लॅबमधल्या कार्डावर मात्र तीच काळी अक्षरे निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांत विरघळलेली दिसली. अस्सल कार्ड स्कॅन करून ती प्रतिमा पुन्हा छापली की असे होते, कारण यंत्र अक्षर आणि चित्र यांत भेद करत नाही. प्लास्टिकच्या आडूनही हे स्पष्ट दिसत होते. जुन्या कार्डांसाठी वापरतात ती अतिनील दिव्याची चाचणी इथे निरुपयोगी आहे. त्या चाचणीत कागदात चमक आणणाऱ्या रसायनांवरून नवा कागद ओळखला जातो, पण १९९३ च्या कागदात ती तशीही असतातच.

क्रमांकाचा उलगडा त्यानंतर झाला. त्याच प्रमाणपत्र क्रमांकाचे कार्ड पूर्वी एका लिलावात विकले गेल्याची सचित्र नोंद मला सापडली. त्या छायाचित्रात डावी किनार उजवीपेक्षा किंचित रुंद होती. माझ्या हातातल्या कार्डावर ती उलट, उजव्या बाजूला रुंद होती. म्हणजे क्रमांक खराखुरा, पण तो दुसऱ्या कोणाकडे असलेल्या दुसऱ्या कार्डाचा. विकल्या गेलेल्या अस्सल कार्डांची छायाचित्रे लिलावांच्या पानांवर वर्षानुवर्षे तशीच असतात आणि त्यांत क्रमांक ठळक दिसतो. तो उचलायचा, बनावट लेबलावर छापायचा, बनावट आवरणात बनावट कार्ड बसवायचे आणि खरेदीदाराला स्वतःहून म्हणायचे की क्रमांक तपासून घ्या. माझ्या विक्रेत्यानेही मला हेच सांगितले होते. ग्रेडिंग कंपनीने छायाचित्रे पाहून हे आवरण आपले नसल्याचे लेखी कळवले.

विक्रेत्याने पहिल्या निरोपाला आश्चर्य व्यक्त केले, दुसऱ्याला कार्ड परत पाठवा असे सुचवले आणि त्यानंतर उत्तर देणे बंद केले. परत पाठवण्याच्या या सूचनेविषयी सावध राहावे. बनावट वस्तू हाच मुख्य पुरावा असतो, आणि पैसे हातात येण्याआधी ती परत दिली की तक्रारीत काहीच उरत नाही. संरक्षित मार्गाने दिलेली रक्कम कंपनीचे पत्र, भिंगाखालची छायाचित्रे आणि एका दुकानदाराचे लेखी मत जोडल्यावर मला परत मिळाली. थेट खात्यात गेलेली रक्कम मिळालेली नाही. बँकेचे म्हणणे असे की व्यवहार खातेदाराच्या स्वतःच्या परवानगीने झाला आहे. नियमाच्या भाषेत ते बरोबर असेलही, परंतु फसवून मिळवलेली परवानगी ही खरी परवानगी मानणे मला अन्यायाचे वाटते. कार्ड टपालाने आल्यामुळे अमेरिकी टपाल खात्याच्या तपास शाखेकडे आणि व्यवहार इंटरनेटवरून ठरल्यामुळे एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडेही मी तक्रार नोंदवली आहे. रक्कम लहान म्हणून गप्प बसू नये. एकाच माणसाविरुद्ध वेगवेगळ्या राज्यांतून तक्रारी आल्या तरच त्या एकत्र जोडल्या जातात.

अशा गुन्ह्यांत काहीच होत नाही हा समज खरा नाही. होनस वॅगनर या जुन्या काळातल्या खेळाडूच्या जगप्रसिद्ध कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावकार बिल मास्ट्रोने न्यायालयात दिली आणि टपालाद्वारे फसवणुकीच्या खटल्यात २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत खोट्या स्वाक्षऱ्यांचा मोठा धंदा उघडकीस आणला. त्या धक्क्यानंतर मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च संघटनेने २००१ पासून स्वतःची प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली, ज्यात प्रतिनिधीच्या डोळ्यांदेखत झालेल्या स्वाक्षरीच्याच वस्तूवर क्रमांक असलेला होलोग्राम लावला जातो.

हे सांगण्याचे कारण असे की त्याच विक्रेत्याने मला इचिरोची स्वाक्षरी असलेले एक कार्डही देऊ केले होते. सोबत एका अपरिचित संस्थेचे सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र होते. ते मी घेतले नाही. स्वाक्षरी कोणासमोर झाली याची नोंद नसेल तर अशा कागदाला काडीचीही किंमत नाही.

आता महागडे कार्ड घेण्याआधी मी विक्रेत्याकडे नव्याने काढलेले छायाचित्र मागते, त्यात स्लॅबशेजारी त्या दिवशीची तारीख हाताने लिहिलेला कागद असावा लागतो, आणि कडा व मागची बाजू तिरप्या उजेडात दिसावी लागते. त्यानंतर प्रमाणपत्र क्रमांक जुन्या विक्रींमध्ये शोधून किनारींची रुंदी आणि छपाईतले बारीक डाग त्या छायाचित्रांशी ताडून पाहते. प्रत्येक कार्डाची किनार आणि डाग थोडे वेगळे असतात, त्यामुळे दोन छायाचित्रांतले कार्ड एकच आहे की नाही हे बहुतेक वेळा ठरवता येते. काही कंपन्या आता नोंदीसोबत कार्डाचे छायाचित्रही दाखवतात; तिथे ते आधी पाहावे. ज्या संचातले मोठे कार्ड घ्यायचे त्याच संचातले साधे कार्ड दोन-चार डॉलरला आधी विकत घेऊन भिंगाखाली नीट पाहून ठेवावे. पूर्ण रक्कम संरक्षित मार्गानेच द्यावी, शुल्क आपण भरू असे स्वतः सांगावे आणि तरीही विक्रेता थेट खात्याचाच आग्रह धरत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. मुलांनी आपली हवी असलेल्या कार्डांची यादी अनोळखी विक्रेत्यांना देऊ नये, हेही पालकांनी त्यांना समजावून सांगावे.

ते बनावट कार्ड तक्रार क्रमांकासह वेगळ्या पाकिटात माझ्याकडे आहे. सिअ‍ॅटल परिसरातील ज्या पालकांना अस्सल आणि बनावट स्लॅब शेजारीशेजारी ठेवून पाहायचे असतील, त्यांना मी ते आनंदाने दाखवीन.