आईचा मोतीबिंदू: डॉक्टर झकास, काउंटर वैताग

आई तांदूळ निवडायची आणि खडे तसेच राहायचे, तेव्हा तिला आमच्या भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वेळ ११ची, नंबर लागला दीडला. त्यातच बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले, म्हणजे नंतर तीन-चार तास सगळं धूसर. सोबत कुणीतरी न्याच.

डॉक्टर मात्र शंभर नंबरी. आईला साखर आहे म्हणून आधी पडदा तपासला, काचबिंदू नको म्हणून डोळ्याचं प्रेशरही मोजलं. "थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, आजी," असं सरळ सांगितलं. फेको केलं, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन: जेमतेम तीन मिलिमीटरची चीर, टाका नाही, आत घडीची लेन्स. तास-दोन तासांत घरी.

काउंटरवर महागड्या मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्ससाठी फार गळ घालतात. डॉक्टरांनाच विचारा. ते म्हणाले साधी मोनोफोकल (एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणारी) पुरे, वाचायला चष्मा लागेल एवढंच.

थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय. डोक्यावरून अंघोळ बंद म्हणून आई कुरकुरतेय.

पट्टी काढल्यावर स्वयंपाकघरात शिरली आणि पहिलं वाक्य: "अगं, ओट्यामागच्या टाइल्स किती तेलकट ठेवल्यायस!"