बँकॉकमध्ये एकच रात्र हाताशी आहे: गगन आनंद की गा?

बँकॉकच्या सहलीत एक रात्र मोकळी काढून ‘एकदा तरी तो टेस्टिंग मेनू प्रकार खाऊन बघू’ असं ठरवलंत, की शोधाशोध फिरूनफिरून दोन रेस्तराँच्या नावांवर येते. एक गगन आनंद, दुसरं गा. दोन्हीकडे शेफ भारतीय, दोन्ही सुखुमवित रस्त्याच्या गल्ल्यांत, आणि दोन्हीकडे मेनूकार्डातून निवडायचं काही नाही. स्वयंपाकघर ठरवेल तेच, त्याच क्रमाने, घासाघासाने समोर येतं.

घरातून पहिला आक्षेप हमखास येणार: थायलंडला जाऊन भारतीय माणसाच्या हातचं कशाला खायचं? आक्षेप चुकीचा नाही. अस्सल थाई जेवणाचीच हौस असेल, तर सोर्न आहे. दक्षिण थायलंडचं तिखटजाळ जेवण, आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मिशेलिन या रेस्तराँना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन तारे (तिथला सर्वोच्च मान) मिळवणारं थायलंडमधलं पहिलं रेस्तराँ. पण तिथे टेबल मिळवणं हीच एक मोहीम, आणि ताटात काय मोडून काय नवं केलंय ते कळायला मुळातलं थाई जेवण जिभेवर असावं लागतं. गगन आणि गाकडे उलटं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या फ्रेंच पाहुण्याला जे नुसतं नवलाचं वाटतं, त्यात तुम्हाला चाट सापडते, सांबार सापडतं, फणसाची भाजी सापडते. गंमत कळणारे पाहुणे तुम्ही असता. एवढ्या पैशात ही जमेची बाजू मला मोठी वाटते.

आता दोघांचं नातं. गगन आनंद कोलकात्याचे. स्पेनच्या एल बुई या प्रयोगांसाठी गाजलेल्या रेस्तराँत शेफ फेरान आद्रियांच्या चमूबरोबर शिकून आले आणि 2010 मध्ये त्यांनी बँकॉकच्या लांगसुआन गल्लीत ‘गगन’ उघडलं. आशियातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्तराँच्या यादीत ते 2015 ते 2018 सलग चार वर्षं पहिलं होतं. 2019 मध्ये भागीदारांशी बिनसलं, जुनं रेस्तराँ बंद झालं, आणि त्याच वर्षी सुखुमवित 31 मध्ये ‘गगन आनंद’ सुरू झालं. 2025 मध्ये ते पुन्हा त्या यादीत पहिलं आलं.

गाच्या शेफ गरिमा अरोरा मुंबईत वाढलेल्या. पत्रकारिता सोडून पॅरिसला स्वयंपाक शिकल्या, कोपनहेगनच्या नोमा या नावाजलेल्या रेस्तराँत राबल्या आणि मग गगनच्याच स्वयंपाकघरात आल्या. 2017 मध्ये त्यांनी गा उघडलं, तेही गगनच्या समोरच. 2018 च्या अखेरीस मिशेलिन तारा मिळाला आणि असा तारा मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला शेफ ठरल्या. डिसेंबर 2023 मध्ये दुसरा. गा आता सुखुमवित 53 मध्ये, जुन्या धाटणीच्या थाई घरात आहे. म्हणजे घराणं एक म्हणायला हरकत नाही, पण गायकी पार निराळी.

गगनकडची संध्याकाळ हा प्रयोग असतो. मोजक्या खुर्च्या, समोर ओटा, ओट्यापलीकडे शेफ मंडळी. दिवे बदलतात, गाणी दणदणतात, थट्टामस्करी चालते, तीही नेहमी सभ्य भाषेत नाही. विसाहून जास्त घास येतात आणि बहुतेक हातानेच खायचे असतात, काट्याचमच्याशी झटापट नाही. त्यांचा मेनू एके काळी नुसत्या इमोजींत छापलेला असे, आणि एक पदार्थ किस या रॉक बँडच्या गाण्यावर चक्क ताटली चाटून खायचा. ज्या पदार्थाने त्यांचं नाव झालं तो म्हणजे दह्याचा गोळा. दह्यात कॅल्शियम असतं. चमचाभर मसालेदार दही अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून काढलेल्या पुडीच्या) पाण्यात सोडलं की भोवती पातळ पापुद्रा धरतो. तो जिभेवर फुटतो आणि तोंडभर दही-चाट पसरते. कृती एल बुईची, चव कोलकात्याच्या फुटपाथवरची. मेनू सतत बदलतो, तेव्हा हेच पदार्थ मिळतील असं धरू नका. खोडी काढण्याची वृत्ती तेवढी कायम आहे.

गाकडे आवाज खाली येतो. टेबलं वेगवेगळी, आपापसात बोलता येतं, वाढणारा माणूस दोन वाक्यांत पदार्थ सांगून बाजूला होतो. थायलंडची फळंभाज्या आणि भारतीय पद्धती यांची सांगड हा इथला गाभा. दोन्हीकडचं हवापाणी सारखं, त्यामुळे फणस, नारळ, केळ, विड्याचं पान दोन्हीकडे घरचंच. गाचा सगळ्यात गाजलेला पदार्थ कोवळ्या फणसाचा आहे. निखाऱ्यावर भाजलेला फणस, सोबत रोटी आणि लोणच्यांसारखी तोंडी लावणी. हाताने तुकडा मोडायचा आणि खायचं. उन्हाळ्यात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करणाऱ्या कोकणी घरातल्या माणसाला हा घास अनोळखी वाटणार नाही, पण असा त्याने आधी खाल्लेलाही नसेल. गगनचा घास चकित करतो आणि संपतो. गाचा घास दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाही आठवतो. हे माझं मत, गगनप्रेमी भांडतील.

शाकाहाऱ्यांसाठी निर्णय सोपा आहे. गाकडे शाकाहारी टेस्टिंग मेनू हा स्वतंत्र विचार करून रचलेला असतो, मांसाच्या जागी मशरूम टाकून केलेली तडजोड नव्हे. गगनकडे समुद्री खाद्याचा आणि जपानी सामग्रीचा ओढा मोठा, त्यामुळे शाकाहारी असाल तर आरक्षणाआधीच लिहून विचारा. नुसतं ‘व्हेज’ लिहू नका. अंडं चालतं का, फिश सॉस आणि कोळंबीची पेस्ट चालते का, कांदा-लसूण चालतो का, हे एकेक करून कळवा. थाई स्वयंपाकात फिश सॉस आपल्याकडच्या मिठासारखा सगळीकडे शिरतो. आयत्या वेळी टेबलावर बसून सांगितलंत, तर वीस घासांपैकी निम्मे बदलणं कोणत्याही शेफला जमणार नाही.

पैसे. दोन्हीकडे माणशी बिल रुपयांत पाच आकडी होतं, आणि गगन दोघांतलं महाग. आकडा पाहताना शेवटी असलेल्या दोन अधिक चिन्हांकडे लक्ष द्या. त्यांचा अर्थ 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 7 टक्के कर, म्हणजे 5,000 बाथ (थायलंडचं चलन) लिहिलेले असतील तर हातात 5,885 चं बिल येतं. खरी मेख पेयांत असते. पदार्थागणिक वाइन घेतलीत तर बिल दुपटीकडे झुकू शकतं. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. गाकडे फळांच्या रसांची जोडणी मुद्दाम केलेली असते आणि ती वाइनपेक्षा मजेशीर लागते.

कोणाबरोबर जाताय, हेही बघा. मित्रांचा कंपू, लग्नाआधीची शेवटची मोकळी सहल, नाटक-गाणी-दंगा आवडणारी माणसं असतील तर गगन. आईवडील बरोबर असतील, तर डोळे झाकून गा. सत्तरीच्या बाबांना ओट्याशी उंच खुर्चीवर तीन तास रॉक संगीत ऐकवत ताटली चाटायला लावणं हा विनोद घरी सांगायला बरा, करायला नाही. लहान मुलांना दोन्हीकडे नेऊ नका. वयाची अट असो वा नसो, पाचव्या घासाला ती कंटाळतात.

आणि फक्त ‘पन्नासांच्या यादीत एक नंबर ठरलेलं रेस्तराँ पाहिलं’ म्हणायचं असेल, तर गगनला जा, तोही एक प्रामाणिक हेतू आहे. पहिलाच टेस्टिंग मेनू असेल आणि जेवणासाठीच जात असाल, तर माझं मत गाच्या पारड्यात.

आरक्षण विमानाच्या तिकिटांनंतर लगेच करा, हॉटेल नंतर बघता येईल. मुंबईहून जाणारी बरीच विमानं रात्रभर उडून पहाटे उतरतात, तेव्हा पहिल्या दिवसाची रात्र घेऊ नका. सातव्या घासाला डुलकी लागेल. घड्याळ तिथे दीड तास पुढे असतं, त्यामुळे उशिराची वेळ मिळाली तरी बिचकू नका, तिथले नऊ म्हणजे आपले साडेसात. त्या दिवशी दुपारी हलकं खा. पट्टायाहून परतायच्या दिवशीही हे जेवण ठेवू नका. वाटेत वाहतूक अडली तर मेनू तुमच्यासाठी थांबत नाही आणि आगाऊ भरलेले पैसे सहसा परत येत नाहीत. सुखुमवितवर संध्याकाळी टॅक्सीपेक्षा स्कायट्रेन बरी: गासाठी थोंग लो स्थानक, गगनसाठी फ्रोम फोंग किंवा असोक, पुढे थोडं चालणं.