न्यायाधीशांना मत: ह्यूस्टनची मतपत्रिका की लॉस एंजेलिसची?

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर एमपीएससीची परीक्षा द्यावी लागते. त्यात मतदाराला कोणी विचारत नाही. त्यामुळे नुकतंच अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला मतपत्रिकेवरची न्यायाधीशांची रांग बघून काही सुचत नाही. न्यू जर्सीत असाल तर सुटलात: तिथे सुपीरियर कोर्टाचे, म्हणजे राज्यातले खटले चालवणाऱ्या कोर्टाचे, न्यायाधीश गव्हर्नर नेमतात आणि राज्याचं सिनेट मंजुरी देतं. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात मात्र काम तुमच्यावर येतं, आणि दोन्हीकडे ते वेगळ्या तऱ्हेने अवघड आहे.

टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीश चार वर्षांसाठी, उघडपणे पक्षाच्या तिकिटावर लढतात. नावापुढे पक्ष छापलेला असतो. अनोळखी नावं वाचणाऱ्या मतदाराला तेवढाच आधार, पण हाच आधार घात करतो. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं, तिथे २०१८ साली न्यायाधीशांच्या सगळ्या ५९ लढती डेमोक्रॅट्सनी जिंकल्या. हरलेल्यांत चांगले किती आणि वाईट किती, याची छाननी कोणी केली नाही. वारा फिरला आणि सगळे एकदम गेले. एकाच खुणेने सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय २०२० पासून बंद झाली. आता खाली खाली जात एकेका नावावर खूण करावी लागते, आणि हॅरिस काउंटीत ही यादी संपता संपत नाही. उमेदवारांना निवडणुकीसाठी देणग्या लागतात, आणि त्या देणाऱ्यांत उद्या त्याच कोर्टात उभे राहणारे वकीलही असतात. देणगीला कायद्याने मर्यादा आहे, तरी मला हे खटकतं.

कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्टाची मुदत सहा वर्षांची आणि मतपत्रिकेवर पक्ष नाही. ऐकायला छान वाटतं. पण बरेचसे न्यायाधीश मुळात गव्हर्नरने रिकाम्या जागेवर नेमलेले असतात, आणि पुढे विरोधात कोणी उभं राहिलं नाही तर त्यांचं नावच मतपत्रिकेवर येत नाही. लढत झालीच, तर नावाखाली उमेदवाराच्या व्यवसायाचे मोजके शब्द असतात आणि लोक त्यावरच शिक्का मारतात. २००६ साली लॉस एंजेलिसमध्ये न्यायाधीश झिन्ट्रा यानव्स हरल्या. वकिलांच्या संघटनेने त्यांना सर्वोत्तम शेरा दिला होता. जिंकणाऱ्या लिन ओल्सन वकील असल्या तरी बेगलचं (गोल पावाचं) दुकान चालवत होत्या. यानव्स हे नाव परकं वाटल्यामुळे मतं गेली, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी त्यांना लगेच दुसऱ्या जागेवर नेमलं! देशपांडे किंवा कुलकर्णी आडनावाच्या उमेदवाराने हा किस्सा ध्यानात ठेवावा.

मग निवडायचं कसं? टेक्सासमध्ये खरी निवड मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पहिल्या फेरीत, होते. मतदार म्हणून पक्षाची नोंदणी तिथे लागत नाही. ज्या पक्षाची तुमच्या काउंटीत चलती आहे, त्याच्या प्रायमरीत जा, मग तो तुमचा आवडता नसला तरी चालेल. नोव्हेंबरमध्ये उरतं ते बहुधा पक्षांचं गणित. कॅलिफोर्नियातही प्रायमरीत (तिथे न्यायाधीशांसाठी ही फेरी पक्षाविना असते) निम्म्याहून अधिक मतं मिळवणारा तिथेच निवडून येतो. नोव्हेंबरला लढत उरली तर ती पहिल्या दोघांत. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर 'हो' किंवा 'नाही' विचारलेली नावं दिसतात ती अपील कोर्टांच्या न्यायमूर्तींची, तुमच्या गावच्या कोर्टाची नव्हेत.

दोन्हीकडे स्थानिक वकील संघटनेचा कौल बघा, पण फरक ओळखून. ह्यूस्टनमध्ये संघटना सभासदांची मतं मागवते, म्हणजे तिथे लोकप्रियता मोजली जाते. लॉस एंजेलिसची समिती उमेदवाराची चौकशी करून 'अपात्र' असाही शेरा मारते. माझा भरवसा दुसऱ्या पद्धतीवर जास्त. आणि ज्या जागेबद्दल काहीच कळलं नाही, ती कोरी सोडा; बाकीची मतं त्याने बाद होत नाहीत.