'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणून गळ्यात मारलेला स्कॅनर

गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनचे बिघाड-कोड मोबाइलवर दाखवणारा स्कॅनर घ्यायला नाशिकच्या द्वारका भागात गेलो. दुकानदाराने मोबाइलवर आरपीएमचा काटा नाचवून दाखवला, पण तो त्याच्या स्वतःच्या नव्या गाडीचा. माझी सँट्रो 2005 ची, गरम झाली की बंद पडायची. "माझ्या गाडीला लावून बघू द्या" म्हटलं, तर म्हणाला, "काका, द्वारकेचं ट्रॅफिक बघताय ना? इथे गाडी उभी केली तर उचलून नेतील. बिनधास्त न्या, 1996 नंतरच्या सगळ्या गाड्यांना चालतो." किंमत 2,800 रुपये. बिल मागितलं तर चिठ्ठीवर 'मोबाइल ॲक्सेसरी' लिहून दिलं.

ते 1996 अशा डब्यांवर छापलेलंच असतं, आणि अमेरिकेपुरतं खरंही आहे. तिथे त्या सालापासून ओबीडी-2 (गाडीने आपला बिघाड ओळखून कोडमध्ये सांगायची ठरावीक पद्धत) सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-4 गाड्यांना ओबीडी-1 एप्रिल 2010 पासून आणि ओबीडी-2 एप्रिल 2013 पासून. त्याआधीच्या गाडीत स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट सापडलं तरी आत काय चालेल ते कंपनीच्या मर्जीवर. कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 ला किंवा जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला तर वाचायला ईसीएमच (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) नाही.

घरी लावला. लाल दिवा पेटला, ब्लूटूथ जुळलं, पण ॲप गाडीशी काही जुळेना. (दिव्यावर जाऊ नका. 16 नंबरच्या पिनेला थेट बॅटरीचा करंट असतो, त्यामुळे तो कुठल्याही गाडीत पेटणारच.)

परत गेलो तेव्हा खरा खेळ कळला. स्कॅनर हातात न घेताच तो म्हणाला, "काका, स्कॅनर ओके आहे. तुमचा ईसीएम उडालाय. ओळखीचा माणूस आहे, 12,000 मध्ये करून देतो." अहो, इंजेक्शनची गाडी, ईसीएम मेला असता तर मी ती चालवत दुकानापर्यंत आणली कशी? हे विचारल्यावर साहेब दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. स्कॅनरचे पैसे ही किरकोळ कमाई, मुका स्कॅनर दाखवून गाडीचं मोठं काम काढायचं हा धंदा. दुकानात त्या दिवशी आणखी एक जण जुनी वॅगन-आर घेऊन आला होता, त्यालाही हेच ऐकवलं.

सातपूरच्या आमच्या मेकॅनिकने स्कॅनर उलटा धरून टॉर्च मारला. कनेक्टरमध्ये 7 नंबरची पिनच नव्हती, नुसतं भोक! माझी गाडी के-लाइनवर (स्कॅनरशी बोलायची जुनी, एका वायरची पद्धत) बोलते आणि के-लाइन त्याच पिनेवर येते. बोलण्यासाठी आत फक्त 6 आणि 14 नंबरच्या, म्हणजे कॅन या नव्या पद्धतीच्या पिना होत्या. नव्या गाड्यांचं काम तेवढ्यावर भागतं, म्हणून दुकानदाराच्या गाडीवर काटा नाचला. वर स्टिकर 'ईएलएम 327, व्हर्जन 1.5'. या नावाची मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. त्यांनी 1.4 नंतर एकदम 2.0 काढलं, 1.5 कधी काढलंच नाही. 2022 मध्ये ती कंपनीही बंद झाली. तेव्हा '1.5' दिसलं की कॉपी समजा. सगळ्या कॉप्या टाकाऊ नसतात, हेही मेकॅनिकनेच सांगितलं. के-लाइन धरून बनवलेली कॉपी जुन्या गाडीवर चालू शकते.

त्याने स्वतःच्या मोठ्या स्कॅनरवर ह्युंदाईचा मेनू उघडला. कोड पी0335, क्रँक सेन्सरचं सर्किट. म्हणून गरम झाली की बंद पडायची. त्यातही त्याने लगेच सेन्सर बदलला नाही, आधी वायर तपासली. उंदराने कुरतडली होती. जोडून दिली, काम झालं.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर दुकानात आधी 7 नंबरची पिन बघा, मग आपल्याच गाडीवर लावून मागा. साधा स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो. एबीएस आणि एअरबॅगसुद्धा वाचतो म्हणणाऱ्याला तेही तुमच्या गाडीवर करून दाखवायला लावा. काही ॲपमध्ये डेमो मोड असतो, त्यात गाडीविनाही काटे हलतात. बिलावर मॉडेल आणि 'के-लाइन चालते' असं लिहून घ्या. 'विकलेला माल परत घेणार नाही' या पाटीला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी लागत नाही. माझं घोडं अडलंय ते 'मोबाइल ॲक्सेसरी' या दोन शब्दांवर.