टंगस्टनच्या भावात पितळ

फ्लाय बांधणाऱ्या आणि त्याचं सामान ऑनलाइन मागवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. टंगस्टनचे म्हणून पितळेचे मणी खपवले जातायत, आणि तेही इतक्या पद्धतशीरपणे की मुरलेल्या माणसालाही पत्ता लागू नये.

ज्यांना या छंदाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गळावर दोरा, पिसं, सशाचे केस गुंडाळून पाण्यातल्या किड्यासारखं काहीतरी तयार करायचं आणि ट्राउट, ग्रेलिंग अशा माशांना फसवायचं. (फसवणाराच फसला, हा विनोद बायकोने आधीच केला आहे. तुम्ही नव्याने करू नका.)

मी इंग्लंडमध्ये लीड्सला असतो, मासे धरायला वॉर्फ नदीवर जातो. बरीच वर्षं पिसं आणि लोकर यांवरच भागवलं. मग ‘युरो निंफिंग’चा नाद लागला. यात फ्लाय नदीच्या तळालगत वाहत न्यायची असते, म्हणजे जोराच्या धारेत तांदळाच्या दाण्याएवढी गोष्ट झटकन खाली गेली पाहिजे. त्यासाठी तिच्या गळावर जड धातूचा मणी ओवतात. एकेकाळी वजनाला शिसं होतं. पण शिशाच्या गोळ्या गिळून हंस मरायला लागले, तेव्हा १९८७ पासून इथे छोट्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. पितळ आहे, पण त्याची घनता (एका मिलीला किती ग्रॅम) साडेआठच्या आसपास. शिशाची ११.३ आणि शुद्ध टंगस्टनची १९.३. मण्यांमध्ये टंगस्टनला बांधून ठेवायला दुसरा धातू मिसळतात, त्यामुळे ती सतरा-अठरावर येते. तरी पितळेच्या दुप्पट. किंमत मात्र दुपटीवर थांबत नाही. त्यात जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध आणले. भाव चढले. अशा वेळी स्वस्तात देणारा कोणी निघाला की गिऱ्हाईक आपणहून चालत येतं.

मला ऑनलाइन भेटलेला विक्रेता नुसता विक्रेता नव्हता, नवनव्या सामानाचे प्रयोग करून दाखवणारा होता. निऑन रंगाचे मणी, यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारं रेझिन, पारदर्शक पट्ट्या. हात चांगला होता त्याचा, ते नाकारत नाही. मी आधी एक लहान पुडी मागवली. माल अस्सल निघाला, फ्लाय सुळकन तळाला गेल्या. आठवड्याभरात त्याचा मेसेज: दुकान आवरतोय, मोठा लॉट घेतलास तर निम्म्या भावात देतो, फक्त पैसे थेट खात्यात टाक, कमिशन वाचेल. सोबत ‘खात्री करून घे’ म्हणून एक व्हिडिओ. निळ्या चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर मणी पसरलेले, त्यावरून तो चुंबक फिरवतो आणि एकही मणी हलत नाही. ‘बघ, लोखंड नाही. अस्सल टंगस्टन.’

सगळी बदमाशी या व्हिडिओत आहे. पितळसुद्धा चुंबकाला चिकटत नाही! उलट काही अस्सल टंगस्टन मणीच मिसळलेल्या निकेलमुळे किंवा लोखंडामुळे किंचित ओढले जातात. म्हणजे या परीक्षेत पितळ पहिल्या नंबराने पास, आणि अस्सल माल नापास व्हायची शक्यता. ज्याच्यावर संशय यायला हवा तोच तपासायची पद्धत शिकवतोय, आणि आपण ती शिकतोय. नवीन सामानात हेच होतं. जुन्या पिसाला हात लावला की खरं-खोटं कळतं, पण जे आयुष्यात चार वेळा हाताळलंय त्याची ओळख बोटांना नसते.

दुसरी खाच अशी की मणी आधी गळात ओवावा लागतो, मग त्यामागे दोरा, अंग, पिसं. एकदा फ्लाय बांधून झाली की मणी काढायचा म्हणजे फ्लाय उसवायची. त्यामुळे खोटेपणा कळेपर्यंत डबाच्या डबा भरलेला असतो, आणि विक्रेता म्हणतो, ‘वापरलेला माल परत घेत नाही.’

मी तो मोठा लॉट घेतला आणि फ्लाय बांधल्या. नदीवर त्या अधांतरी तरंगत जायच्या. दोरी बारीक करून पाहिली, फेक बदलून पाहिली. शेवटी घरी दागिने तोलायचा छोटा काटा काढला आणि मुलाच्या तापाच्या औषधाची पाच मिलीची सिरिंज घेतली. पद्धत सांगतो, कारण हिला चुंबकाएवढीही हुशारी लागत नाही. तीन मिलिमीटरचे शंभर मणी तोला. सिरिंजचं टोक बंद करून तिच्यात तीन मिली पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका (नाहीतर मण्यांच्या भोकांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि हिशोब चुकतो) आणि मणी सोडा. पाणी जितकं चढलं तितकं मण्यांचं आकारमान. वजनाला त्याने भागा. पहिल्या पुडीतल्या मण्यांचे आकडे सतराच्या वर होते. नव्या लॉटचे साडेआठ. काही पुड्यांचे आकडे या दोन्हींच्या मधे आले, म्हणजे त्यांत भेसळ होती. कानस घासली तर नारिंगी रंगाखालून पिवळंधमक पितळ निघालं. अस्सल टंगस्टन असं पिवळं निघत नाही.

त्याच्याकडून घेतलेल्या रेझिनचंही तेच. तासभर दिव्याखाली ठेवलं तरी बोटाला चिकटायचं. त्यावर उत्तर, ‘तुझा दिवा कमजोर आहे.’ त्याच दिव्याने दुसऱ्या कंपनीचं रेझिन काही सेकंदांत दगड होतं.

पैसे परत मिळाले नाहीत. बँकेचं म्हणणं, माल पोचला आहे, त्यामुळे ही फसवणूक नाही, तुमच्या दोघांतला दर्जाचा वाद आहे. इंग्लंडमध्ये थेट ट्रान्सफरने फसवले गेलेल्यांना पैसे परत द्यायचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून आहे, पण असे वाद त्यात बसत नाहीत. ‘थेट खात्यात टाक’ हा आग्रह कमिशन वाचवण्यासाठी नव्हता, हे तेव्हा उलगडलं. कार्डाने पैसे दिले असते तर निदान बँकेमार्फत ते परत मागायची सोय होती. भारतातून मागवणाऱ्यांनी असं काही झालं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मी तक्रारीच्या मेसेजांचा मारा सुरू केल्यावर त्याने समेट म्हणून जंगलकॉकची पिसं देऊ केली. ‘तुझ्याच देशातली, जंगली पक्ष्याची, फार दुर्मिळ.’ हा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेवरच्या पिसांना मेण चढवल्यासारखे चकचकीत ठिपके असतात, आणि सॅमन फ्लायच्या डोळ्यांसाठी जुन्या काळापासून त्यांना मागणी आहे. भारतात हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याची शिकार आणि पिसांचा व्यापार गुन्हा आहे. इथे पाळीव पैदाशीची पिसं कागदपत्रांसह मिळतात. मी कागदाचं नाव काढल्यावर याने बोलणंच तोडलं. पिसांच्या हावेपायी याच छंदातल्या एका तरुणाने २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी पळवली होती, तेव्हा असला ‘दुर्मिळ’ माल कोणी दाखवला तर कौतुक करत बसू नका.

त्याचं दुकान आता बंद आहे. पण गेल्या महिन्यात दुसऱ्या नावाने एक सुरू झालंय, रंग अधिक, भाव आणखी कमी, आणि खात्रीसाठी तोच चुंबकाचा व्हिडिओ. टेबलक्लॉथसुद्धा बदललेला नाही.