डिस्ट्रिक्ट जज की मॅजिस्ट्रेट जज? अमेरिकेच्या फेडरल ट्रायल कोर्टातल्या दोन खुर्च्या

‘मॅजिस्ट्रेट’ म्हटल्यावर आपल्याकडचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी डोळ्यांपुढे आणू नका. हे प्रकरण वेगळं आहे: अमेरिकेत केंद्राच्या (फेडरल) खटले चालवणाऱ्या कोर्टात हे दोन प्रकारचे न्यायाधीश बसतात, आणि वकिलानं कुठल्या खुर्चीसाठी प्रयत्न करावा, हा इथला प्रश्न. अर्थात अधिकारांच्या बाबतीत डिस्ट्रिक्ट जज वरचढ, यात वाद नाही. नेमणूक तहहयात, फेलनीचे (गंभीर गुन्ह्यांचे) खटले आणि त्यातली शिक्षा त्यांच्याच हातात. मॅजिस्ट्रेट जजला ८ वर्षांची मुदत आणि डिस्ट्रिक्ट जजच्या ९२ टक्के पगार.

घोडं अडतं ते डिस्ट्रिक्ट जजच्या खुर्चीपर्यंत पोचण्यात. राष्ट्राध्यक्षांनी नाव पुढे केलं तरी प्रथेप्रमाणे राज्याच्या दोन्ही सिनेटरांची निळी चिठ्ठी (‘ब्लू स्लिप’, म्हणजे संमतीचा कागद) लागते. एकानं ती दाबून ठेवली की फाइल बसलीच. मग सिनेटच्या न्याय समितीची प्रश्नावली: दिलेली भाषणं, छापून आलेले लेख, स्वतः लढवलेले दहा महत्त्वाचे खटले आणि प्रत्येकातल्या विरुद्ध वकिलाचा फोन नंबर. हेही एक वेळ निभतं. जीव खाते ती पुढची प्रतीक्षा. नाव जाहीर झाल्यावर लांबणारी केस तुमच्याकडे कोण देईल? मोठ्या फर्मचा भागीदार तग धरतो. दोन-तीन जणांच्या ऑफिसात मात्र भाडं आणि पगार चालूच राहतात, नवं काम येत नाही. सत्र संपेपर्यंत सिनेटमध्ये मतदान झालं नाही, तर नाव राष्ट्राध्यक्षांकडे परत जातं. मध्ये निवडणूक झाली असेल तर संपलंच.

मॅजिस्ट्रेटसाठी कोर्ट जाहिरात काढतं. वकील आणि इतर नागरिकांची समिती अर्ज चाळून साधारण पाच नावं देते आणि त्याच कोर्टाचे डिस्ट्रिक्ट जज बहुमतानं एक निवडतात. पार्श्वभूमीची तपासणी इथंही होते, पण सिनेटरची मनधरणी नाही. माझा कल इकडे झाला तो एवढ्याचसाठी.

दुखणं इथंही आहे. झडतीचं वॉरंट, जामीन, कागदपत्रं देण्या-न देण्यावरून वकिलांची भांडणं हा रोजचा रतीब. डिस्ट्रिक्ट जजसाठी खपून शिफारशीचा अहवाल लिहावा, १४ दिवसांत पक्षकाराची हरकत यावी आणि डिस्ट्रिक्ट जजनं तेवढा भाग नव्यानं तपासावा. दिवाणी दावा मात्र सगळ्या पक्षांच्या संमतीनं पूर्ण तुमच्याकडे येऊ शकतो. मग निकाल तुमचा आणि अपील थेट वरच्या सर्किट कोर्टात. कुणा एकानं नकार दिला तर कोणी दिला हे जजला कळू नये, अशी नियमातच तजवीज आहे. त्यामुळे वकीलही मोकळेपणानं ठरवतात.

शिवाय वरचं दार बंद होत नाही. संकेत बुलसारा २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये मॅजिस्ट्रेट जज झाले, २०२४मध्ये तिथेच डिस्ट्रिक्ट जज. शिक्षा ठोठावण्याचं कामच हवं असेल, ऑफिसचा खर्च दुसरं कोणी उचलत असेल, तर डिस्ट्रिक्टचा नाद जरूर करावा. नाहीतर वय मोजा: पूर्ण पगाराइतक्या पेन्शनसाठी मॅजिस्ट्रेटला ६५ वय आणि १४ वर्षं सेवा लागते. पन्नाशीत खुर्ची मिळाली तर एक फेरनेमणूक धरूनच हे गणित बसतं.